कुंदाताईंच्या तेलाचा डाग

आर्वीहून प्रशांतचा फोन आला तेव्हा मी आंघोळीआधी डोक्याला तेल लावत बसले होते. तेलकट बोटांतून फोन सारखा निसटत होता. "मावशी, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. प्रशांत म्हणजे कुंदाताईंचा भाचा, त्यांच्या वारलेल्या भावाचा मुलगा. अशा वेळी माणूस काय विचारतं? कधी, कशी, शेवटी काही बोलल्या का... मी विचारलं, "मानेमुळे का रे?" तो गोंधळलाच. म्हणाला, "नाही हो मावशी, मान कशी? झोपेतच गेली. हार्ट. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंसुद्धा नसेल." आणि मला हायसं वाटलं. हो, खोटं कशाला सांगू? जिवाभावाची मैत्रीण गेल्याचं ऐकून ज्या बाईला आधी हायसं वाटतं तिला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. सात वर्षं मी ह्या एका फोनला भीत होते. फोन वाजला आणि आर्वीचा नंबर दिसला की वाटायचं, आता कोणीतरी सांगणार, कुंदाताईंची मान... आणि ती माझ्यामुळे. ते ऐकावं लागलं नाही म्हणून हायसं वाटलं. मग रडू आलं. तेलाची वाटी तशीच राहिली आणि नंतर मी डोकं नुसत्या पाण्यानं धुतलं.

त्या गोष्टीला आता पाचेक आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी कुंदाताईंवर काही लिहा असं आमच्या जुन्या शाळेतल्या बायांनी सुचवलं, तेव्हा मी आधी नको म्हटलं होतं. मला भीती वाटत होती. लिहायला बसले की खरं लिहावं लागणार, हे मला ठाऊक होतं.

शाळेत कुंदाताई पी.टी. शिकवायच्या आणि गाइडच्या मुलींचं पथक सांभाळायच्या, मी मराठी. त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नव्हतं. वर्ध्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायच्या आणि दर शनिवारी शाळा सुटली की एसटीनं आर्वीला, प्रशांतच्या आईकडे, वत्सलावहिनींकडे. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, साडी घोट्यापासून चार बोटं वर खोचलेली, आणि डोक्यावर भला थोरला अंबाडा. केस कमरेच्या खाली, आणि त्यांना रोज आवळ्याचं तेल. तेही आपण लावतो तसं बोटभर नाही, चांगलं निथळेस्तोवर! उन्हात मैदानावर उभ्या राहिल्या की कपाळावर ओघळ यायचे. स्टाफरूममध्ये त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर डोक्याएवढा एक गोल डाग होता. दर उन्हाळ्यात रंग दिला जायचा, आणि दिवाळीपर्यंत डाग पुन्हा हजर. हेडमास्तर एकदा वैतागून म्हणाले, "ताई, जरा पुढे सरकून बसत जा." तर ह्या म्हणतात, "सर, भिंत तुमची हाय, पण डोकं माहं हाय. ते कोठी ठेवू?" सगळी स्टाफरूम हसली. मीपण हसले. मी तर सगळ्यात जास्त हसले.

भीती कशाशी खातात हे त्या बाईला ठाऊक नव्हतं असं वाटायचं. गाइडच्या मुलींना त्या प्रथमोपचार शिकवायच्या तेव्हा वर्गातल्या चिवट मुलीला जमिनीवर झोपवायच्या आणि म्हणायच्या, "हे पडली झाडावरून. आता कोन हात लावते इले?" पाच-सात जणी धावायच्या, कोणी दंड धरून उठवायची, कोणी डोकं मांडीवर घ्यायची. की वाजलीच शिट्टी! "मारून टाकली तुम्ही पोट्ट्यांनो! मान मोडेल व्हती तिची. उठवून बसवली अन् मारून टाकली." मग स्वतः त्या मुलीच्या डोक्यामागे गुडघे टेकून बसायच्या, दोन्ही कानांवर तळवे ठेवून डोकं धरायच्या आणि सांगायच्या, "मदत येवस्तोवर हे असं. हात दुखले तरी सोडाचं नाई." मी हे व्हरांड्यातून किती वेळा पाहिलं असेल. कधी आपल्याला उपयोगी पडेल असं चुकूनही मनात आलं नव्हतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. आमच्या पिपरी मेघेच्या कॉलनीत तेव्हा गाडी चालवणारी बाई म्हणजे मी आणि एक डॉक्टरीणबाई. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मनातून ते पसंत नव्हतं. पण मी हट्टाला पेटले आणि आम्ही गाडी घेतली. लहानशीच, पण आतून सायीच्या रंगाच्या सीटा. त्या सीटांचा मी असा काही लळा लावून घेतला की काय सांगू! पाय झटकून बसा, चहा सांडू नका, डोकं मागे टेकू नका. पुढच्या दोन्ही सीटांना डोक्यामागे त्या सुट्या उश्या असतात ना, हेडरेस्ट, त्यांच्यावर तेलाचे डाग पडतात. आपल्याकडे सगळेच तेल लावतात. किती तरी घरांत त्या उश्या नव्या गाडीच्या पिशवीतच गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. गाडीत झोपायला कोण जातं, हाच हिशेब. ती उशी आरामासाठी आहे असंच मला वाटत होतं, शाळेत शिकवणाऱ्या बाईला!

गाडी येऊन तीन आठवडे झाले आणि प्रशांतच्या मुलीचं बारसं निघालं. कुंदाताई म्हणाल्या, "एसटीनं कायले जाचं? तुही गाडी काढ न. माह्या वहिनीलेबी दिसू दे, माही मैत्रीण गाडी चालवते." मला तर हवंच होतं. सकाळी त्यांना घ्यायला निघण्याआधी मी गाडी पुसली. आणि पुसता पुसता माझी नजर डावीकडच्या हेडरेस्टवर गेली. आता इथे कुंदाताई बसणार... ते डोकं... तो भिंतीवरचा डाग. हे ऑफिसला गेले होते. मी खटका दाबला, दोन्ही दांड्या उपसल्या, हेडरेस्ट पिशवीत घालून दिवाणाच्या पेटीत गाद्यांखाली ठेवलं. माझं स्वतःचं मात्र राहू दिलं. मी आदल्याच दिवशी शिकेकाईनं न्हायले होते.

गाडीत बसताच कुंदाताईंनी मागे हात फिरवून पाहिला. "अवं, याचं डोकं कोठी गेलं?"

"खोळ धुवायला काढलीये," मी म्हटलं. तीन आठवड्यांच्या गाडीची खोळ! त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग समोर पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "बरं. चाल."

बारसं थाटात झालं. वहिनींनी मला ओवाळलंसुद्धा, गाडीवाली म्हणून. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही परत निघालो. हिवाळ्याचं ऊन, दोन्हीकडे वेचणीला आलेली कपाशी, रस्ता मोकळा. कुंदाताईंनी पट्टा लावला होता, मी लावला होता. त्या बाबतीत त्या मला कधी सवलत द्यायच्या नाहीत. पुढे एका वळणापाशी शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मी गाडी थांबवली. पूर्ण थांबवली, हँडब्रेक ओढला. कुंदाताई शेळ्यांमागच्या म्हातारीला काहीतरी गमतीनं म्हणत होत्या. मी आरशात पाहिलं तर मागून एक मालवाहू छोटी गाडी येत होती आणि ती थांबत नव्हती. बस, एवढंच मला आठवतं. ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. लोकांना वाटतं मोठा अपघात म्हणजे मोठा आवाज, काचा, रक्त. आमच्या गाडीची मागची बाजू चेपली, एक दिवा फुटला. माझं डोकं मागे आपटलं आणि उशीवर अडलं. मला काही झालं नाही. खरंच काही नाही, एक ओरखडा नाही. मी वळून म्हटलं, "बाप रे! कुंदाताई, लागलं का?" त्यांचे डोळे उघडे होते, समोर बघत होते. हात मांडीवर तसेच. आणि आवाज... त्यांचा शिट्टीसारखा आवाज मी वीस वर्षं ऐकला होता. हा आवाज त्यांचा नव्हताच. बारीक, कोरडा. "सुधा, माह्या बोटाले मुंग्या येऊन राह्यल्या."

मग लोक जमले. शेतातून, मोटरसायकलीवरून, कुठून कुठून. सगळे मदतीलाच आले होते हो, कोणाचं वाईट म्हणू? पण माझ्या आयुष्यात मी कधी माणसांना एवढी भ्यायले नाही. "बाईले खाली घ्या." "मोकळ्या हवेत निजवा." "पानी पाजा, पानी." एकानं दार उघडून त्यांच्या काखेत हातसुद्धा घातला. आणि एक जाडजूड माणूस खिडकीतून आत वाकला, "सरका, मले येते हे. मान उतरली हाय, एका झटक्यात बसवतो," म्हणत त्यानं दोन्ही हात त्यांच्या हनुवटीकडे नेले. कुंदाताईंना मान वळवता येत नव्हती. फक्त डोळे त्या हातांकडे वळले. त्या डोळ्यांत जी भीती होती ती मी अजून विसरले नाही, आणि विसरणारही नाही. "सुधा... त्याचे हात..." मी किंचाळले. काय किंचाळले ते माहीत नाही. मराठीची बाई म्हणून जे शब्द मी जन्मात उच्चारले नव्हते तेही त्यात होते. तो माणूस मागे सरला. शेळ्यांची म्हातारी काठी आडवी धरून दारापाशी उभी राहिली आणि कोणाला पुढे येऊ देईना.

"मांगच्या सीटवर ये," कुंदाताई म्हणाल्या. "माहं डोकं धर. पोट्ट्यांले दाखवतो तसं. हलू देऊ नोको." मी मागे चढले. त्यांच्या पाठीमागे सीटच्या कडेच्या वर नुसती पोकळी होती, आणि तिथे दोन रिकामी भोकं. त्या भोकांच्या वर माझी मनगटं टेकवून मी दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. तेलानं हात सरकत होते. मी पदराला पुसून पुन्हा धरायलाही घाबरत होते, कारण त्यासाठी एक हात सोडावा लागला असता. अँब्युलन्स यायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. उन्हाची तिरीप त्यांच्या गुडघ्यावरून दाराच्या मुठीपर्यंत गेली, एवढं पाहिलं. माझे हात थरथरायला लागले. त्यांना ते कळलं. "थरथरू नोको. कवायत मोज." मी मोजायला लागले, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. मधेच त्या म्हणाल्या, "सुधा, मले भेव लागून राह्यलं व." मी म्हटलं, "मलापण." मग पुन्हा एक-दोन-तीन-चार. त्या आख्ख्या वेळात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, दिवाणाच्या पेटीतली पिशवी. माझे हात ज्या जागी होते तिथे जे असायला हवं होतं, ते गाद्यांखाली स्वच्छ पडलं होतं. एकही डाग नसलेलं!

अँब्युलन्सच्या माणसांनी मानेला पट्टा घालून, फळी सरकवून त्यांना अलगद बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो दाखवले. एका मणक्याला बारीक चीर, आजूबाजूचे बंध ओढले गेलेले. "हलवलं नाहीत म्हणून वाचल्या," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी ते शब्द आजही जसेच्या तसे सांगू शकते, कारण शब्दागणिक मी जमिनीत जात होते. मागून ठोकर बसली की सीट अंगाला पुढे ढकलते, पण डोकं जागच्या जागी राहतं. पुढे गेलेलं अंग आणि मागे राहिलेलं डोकं, ह्यांच्यामध्ये ताणली जाते ती मान. डोक्यामागे लगेच अडवायला काही असेल तर ती वाचते. उशीची वरची कड निदान कानाच्या वर हवी, माथ्याबरोबर असेल तर उत्तम. आणि डोकं नि उशी यांत चार बोटांपेक्षा जास्त फट नको. "त्या सीटला हेडरेस्ट नव्हतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

खोलीत हे होते, प्रशांत होता, वत्सलावहिनी होत्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.   आणि पलंगावरून, छताकडे बघत, कुंदाताई म्हणाल्या, "व्हतं न. म्याच काढाले लावलं. माह्या अंबाड्याले टोचे ते."

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "या अंबाड्यापायी! कुंदाबाई, तुमच्या या अंबाड्यापायी..." त्या रडत होत्या आणि बोलत होत्या. आणि मी? मी गप्प राहिले. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. त्या क्षणी मला कुंदाताईंच्या जिवाची भीती वाटत नव्हती, मला लोक काय म्हणतील ह्याची वाटत होती.

मग ते खोटं आपोआप खरं होऊन बसलं. कुंदाताईंचे तीन महिने पट्ट्यात गेले. नोकरीची दोन वर्षं उरली होती, ती सोडून त्या आर्वीला वहिनींकडे राहायला गेल्या. वेणी घालेपर्यंत हात वर धरवेनात. वहिनी त्यांची वेणीफणी करून द्यायच्या आणि रोज, अगदी रोज, केस धरून बोलायच्या, "याच्यानंच घात केला." शेवटी एके दिवशी वहिनींनीच ते केस मानेपासून कापायला लावले. मी भेटायला गेले तर समोर कापलेल्या केसांच्या कुंदाताई, शाळेतल्या पोरीसारख्या. "कशी दिसतो?" त्यांनी विचारलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

गाडी दुरुस्त होऊन आली, पण मी तिला हात लावला नाही. आठ महिने. मागून हॉर्न वाजला तरी रिक्षात मी दचकायचे. मग एका सकाळी दार वाजलं. पाहते तर कुंदाताई, एसटीनं एकट्या आर्वीहून आलेल्या! चप्पलसुद्धा न काढता म्हणाल्या, "दिवान उघड."

मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं, कुठे ठेवलंय ते. "तुमच्यासारख्या बायांचं सामान कोठी राह्यते मले का मालूम नाई?" म्हणाल्या. मी गाद्या उचलल्या. त्यांनी पिशवी फाडली आणि उशी मला बसवायला लावली. त्याच सीटवर बसून ती खटका टक् वाजेपर्यंत वर ओढून घेतली, कानापाशी हात लावून मोजली, मागे चार बोटं घालून पाहिली. मग पट्टा लावला.

"चाल."

"मला भीती वाटते, कुंदाताई."

"अन् मले नाई वाटत का? मलेबी वाटते. म्हणून तं हे लावलं."

कॉलनीतून बाहेर पडेपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. एका झाडाखाली मी गाडी उभी केली आणि अखेर विचारलं, तुम्ही असं का सांगितलंत. त्या मान वळवू शकत नव्हत्या, बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे. तशा त्या अख्ख्या माझ्याकडे वळल्या. "खरं सांगतलं असतं तं तुह्या नवऱ्यानं पुन्हा गाडीची किल्ली तुह्या हातात देल्ली असती का? चव्वेचाळीस वर्साची झाल्यावर शिकली तू." आणि वर म्हणाल्या, "अन् माह्या तेलाची तुले धास्ती, हे का मले कळत नाई व? भिंतीपाशी तूच सगळ्यात जास्त हासे." मी तिथेच स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. त्यांनी रडू दिलं. मी म्हटलं, वहिनींना मी सांगते. "सांगजो. तुह्यानं होईल तवा सांगजो." ते सात वर्षांत माझ्यानं झालं नाही.

त्यानंतर कुंदाताईंना एक वेडच लागलं. लग्नात गेल्या की आधी मांडवाबाहेर उभ्या गाड्यांपाशी. शरीर असं तिरपं करून खिडकीतून आत बघायच्या आणि ड्रायव्हरला हाक मारायच्या. आर्वीत एका लग्नात नवरदेवाच्या गाडीत फुलांच्या माळा दिसाव्यात म्हणून पुढच्या उश्या काढल्या होत्या. कुंदाताईंनी शिट्टी वाजवून वरात थांबवली. अख्खी वरात! बँडवाले थांबले, घोडा थांबला. "आंधी डोकं बसवा, मंग नवरी आना." एका बड्या साहेबांच्या गाडीत पांढऱ्या टॉवेलची घडी नीट बसावी म्हणून उशी पार खाली दाबली होती, तर साहेब भाषण करत असताना कुंदाताईंनी जाऊन ती वर ओढून ठेवली. लोक हसायचे. म्हातारी सटकली म्हणायचे. माझ्याजवळ मात्र त्या एकदा म्हणाल्या होत्या, "मी त्या मानसाचे हात अजून पायतो व. डोये मिटले का खिडकीतून येतेत." त्या वेडाखाली काय होतं हे मला माहीत होतं. शिट्टी वाजवताना त्यांचा दुसरा हात कशाला तरी घट्ट धरलेला असायचा, गाडीच्या दाराला, नाहीतर माझ्या मनगटाला.

महिन्यातून एकदा तरी मी आर्वीला जायचे आणि त्यांना फिरवून आणायचे. त्या नेहमी त्याच सीटवर. कापलेल्या केसांनाही तेल तेवढंच. हळूहळू त्या सायीच्या रंगाच्या उशीवर गोल डाग पडला, मग तो गडद झाला. मी कधी पुसला नाही. गेल्या महिन्यात, बातमी येऊन चार दिवस झाले असतील, ह्यांनी माझं मन रमावं म्हणून गाडी धुवायला काढली आणि फेसाची बाटली घेऊन त्या डागाकडे वळले. मी घरातून धावत आले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारची बाई गच्चीवरून डोकावली. ह्यांच्या हातून बाटली पडली. मग तिथेच, ओल्या फरशीवर उभं राहून, मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पडलेली बाटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तेव्हा कळलं असतं तर मी किल्ली काढून घेतली असती. खरं आहे कुंदाताईंचं." आणि नळ बंद करायला गेले.

तेरवीला मी एकटीच गाडी घेऊन गेले. ते वळण आलं तेव्हा मी बाजूला थांबून मागची सगळी वाहनं पुढे जाऊ दिली. जेवणं उरकल्यावर वहिनी मागच्या खोलीत एकट्या सापडल्या. मी दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. अंबाड्याला काही टोचत नव्हतं. मी काढलं होतं, तेलाच्या भीतीनं. कुंदाताईंनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. वहिनी उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या म्हणाल्या, "सात वर्सं मी तिले बोलत राह्यली. रोज. तिचे केस कापले म्या..." आणि पदर तोंडात कोंबून त्या तिथेच खाली बसल्या. मी जवळ गेले तर हातानं मला दूर केलं. "जाय तू," म्हणाल्या. "आता जाय."

मी निघाले. गाडीचं दार उघडते तोच मागून पावलं वाजली. वहिनी होत्या. माझ्याशी न बोलता त्यांनी डावीकडचं दार उघडलं, वाकून त्या उशीकडे पाहिलं, डागावर तळहात ठेवला. "हे तिचंच," म्हणाल्या. "मीच लावून देत जाओ. तळवा भरभरून लावू... म्हने, वहिनी, अजून घाला." मग एकदम, "हे मले काढून दे."

मी नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होते? मी पलीकडून आले, खटक्यावर बोट ठेवलं. आणि बोट पुढे जाईना. दाबता येईना मला. ती दोन रिकामी भोकं डोळ्यांसमोर आली. वहिनींनी माझा हात पाहिला.  मग त्यांनीच तो खटक्यावरून बाजूला केला. "नोको," म्हणाल्या. "नोको काढू. माह्यावरच चिडंल कुंदाबाई." आणि चपला बाहेर काढून, देवळात जावं तशा, त्या सीटवर बसल्या.

वहिनी कुंदाताईंपेक्षा उंच. मी उशी वर ओढली, टक् वाजेपर्यंत. कानापाशी हात लावून पाहिला, मागे चार बोटं घालून पाहिली. त्यांचा पट्टा लावून दिला. "बसस्टँडपावतर फिरवून आन," त्या समोर बघत म्हणाल्या. मी किल्ली फिरवली, आरशात पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मागे रस्ता रिकामा होता, तरी मी भीत होते. बाजूला वहिनींनी डोळे मिटून डोकं मागे टेकवलं होतं. सुतक फिटलं म्हणून त्या दिवशी सकाळी त्यांनी डोक्याला तेल लावलं होतं, चांगलं भरपूर. उशीवरचा डाग आता थोडा मोठा झाला आहे.